भट्टीवरून बाईंना केलेला फोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे लिमयेकाका, म्हणजे माननीय श्री. कृष्णकांत लिमये, व्यासपीठावर बसून माझ्याकडे 'फार लांबवू नकोस' अशा नजरेनं बघणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती शोभाताई वैशंपायन, ताईंना न्यायला हुबळीहून आलेले त्यांचे चिरंजीव वरददादा आणि कादंबरीवहिनी, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधले निवृत्त कर्मचारी, अभ्यासिकेतली माझी भावंडं, आणि आज दुपारची झोप मोडून इथे आलेल्या नवीन पनवेलच्या रहिवाशांनो, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

सुरुवातीलाच माइकवाल्या दादांना एक विनंती. आवाज जरा वाढवा. ताईंचा उजवा कान आता पूर्ण गेला आहे आणि डाव्या कानात यंत्र आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्यांच्यापर्यंत नीट पोचायला हवं. बाकीच्यांच्या कानाला थोडा त्रास झाला तर सोसावा.

मी दिपा सुदाम निरगुडा. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि पदवीची तीन वर्षं मी ताईंच्या घरी राहून काढली. आता मी रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात फोन घेते. कुणाचा अपघात झाला, कुणाला कळा सुरू झाल्या, की त्यांचा फोन आमच्यापैकी कुणाच्या तरी कानाशी वाजतो. नोकरी लागली तेव्हा मी ताईंना पेढे द्यायला गेले. त्यांनी विचारलं, "फोन यंत्र घेतं की माणूस?" मी म्हटलं, माणूस घेतं. तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला.

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते सांगण्यासाठी मी उभी आहे. आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या अभ्यासिकेबद्दल, शिस्तीबद्दल, त्यांच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीबद्दल सांगितलं. मी एका यंत्राबद्दल सांगणार आहे. लिमयेकाका आत्ताच सावरून बसले. काका, काही चुकलं तर मध्येच टोका.

अमेरिकेत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीचं सामान पुरवणं हा त्याचा धंदा. असं सांगतात की, गावात दुसराही एक असाच धंदेवाला होता आणि त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कुणाकडे मयत झाली आणि त्यांनी स्ट्रोजरला फोन मागितला, की ही बाई लाइन आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. खरं खोटं कुणास ठाऊक. पण स्ट्रोजर चिडला आणि त्यानं ठरवलं की ही मधली बाईच नको. त्यातून आपोआप चालणारं एक्स्चेंज निघालं. आपण डायलवर आकडा फिरवायचा, तेवढे ठोके तारेतून जातात, आणि तिकडे एक लोखंडी दांडी तितक्या पायऱ्या वर चढते, मग गोल फिरते आणि ज्याचा नंबर त्याच्या तारेला जाऊन टेकते. आपल्या देशात असं पहिलं एक्स्चेंज सिमल्याला बसलं, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. पनवेलला यायला त्याला पुढे कितीतरी वर्षं लागली. ताई ही गोष्ट अभ्यासिकेतल्या प्रत्येक तुकडीला सांगतात आणि शेवटी म्हणतात, मढ्याच्या धंद्यातून निघालेलं यंत्र ते, त्याला माणसाची काय चाड.

यावर लिमयेकाका चिडतात. चिडायलाच हवं, कारण पनवेलला ते एक्स्चेंज बसवायला जी मंडळी आली, त्यांत काका होते, आणि ताई त्याआधीच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ताईंच्या घरी चहा पिताना या दोघांचा वाद मी शंभरदा ऐकला असेल. काका म्हणतात, "यंत्राला शेठही सारखा आणि कूळही सारखं. तुमच्या बोर्डावर शेठना आधी लाइन मिळायची." ताई म्हणतात, "माझ्या बोर्डावर कुळाला लाइन मिळायची तरी!" मग दोघंही उरलेला चहा संपवतात.

आता बोर्ड म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या मुलांना सांगते. तेव्हा फोनला डायल नव्हता, बाजूला हँडल होतं. ते फिरवलं की एक्स्चेंजमध्ये ताईंच्या समोरच्या बोर्डावर त्या घराची छोटी झडप खाली पडायची. ताई वायर खोचून विचारायच्या, कोण हवंय. लोक नंबर सांगतच नसत. 'डॉक्टरना द्या' म्हणत. डॉक्टर दवाखान्यात नसून पत्ते खेळायला बसलेत, हे ताईंना माहीत असायचं, त्या तिकडे लावून द्यायच्या. कुणी वेळ विचारायचं. कुणी नुसतंच विचारायचं, तिकडे पाऊस आहे का.

गाढी नदीच्या काठाला तेव्हा एक वीटभट्टी होती. भट्टीच्या शेडमध्ये मालकांनी फोन घेतला होता. भट्टीत जाळायच्या तुसाची गाडी आली, की जो कुणी जवळ असेल त्यानं हँडल फिरवून शेठना कळवायचं, अशी तिथली रीत. बहुतेक वेळा तो जवळ असणारा म्हणजे माझे आजोबा, जैतू निरगुडा. विशीतले होते. त्यांनी बाईंना, म्हणजे ताईंना, कधी पाहिलं नव्हतं, बाईंनी त्यांना पाहिलं नव्हतं. पण झडप पडली की ताई म्हणायच्या, "बोल जैतू." ताईंकडून ऐकलंय, की एकदा त्यांना सर्दी झाली होती, आणि दिवसभरात आलेल्या सगळ्या फोनांमध्ये फक्त भट्टीवरच्या या माणसानं सांगितलं, बाई, आलं घ्या आणि आज कमी बोला.

मग नवं एक्स्चेंज आलं. इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला राग आला होता. लोकांना डायल फिरवता येत नव्हता. तो शिकवायला कुणाला पाठवलं असेल? ऑपरेटर मुलींनाच. ज्यांची गरज संपणार होती, त्यांनाच घरोघर जाऊन, आमच्याशिवाय कसं चालवायचं, हे शिकवायचं होतं. ताई खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक रिकामा डायलचा फोन, अशा उन्हातून हिंडल्या. लोक डायल फिरवून बोट काढतच नसत, परत येताना त्याला ढकलत नेत. कुणी आकडा फिरवताना तो मोठ्यानं म्हणायचं, यंत्राला ऐकू जावा म्हणून. बापटआळीतल्या एका आजींनी ताईंचा हात धरून विचारलं, "म्हणजे आता तू असणार नाहीस का गं आत?" ताईंनी त्यांना काय सांगितलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

भट्टीच्या मालकांच्या घरीही त्या गेल्या. शेठ, सूनबाई, दोन्ही मुलं, सगळे शिकले. ताईंनी विचारलं, भट्टीवरही जाऊ का? शेठ हसले. तिथे कुणाला शिकवणार, अंगठेबहाद्दर सगळे, मी बघतो काय ते. शेठनी बघितलं. आता प्रत्येक फोन मीटरवर पडणार म्हणून त्या वर्षी अर्ध्या पनवेलनं डायलच्या भोकात अडकवायची छोटी पितळी कुलपं आणली होती. तसं एक भट्टीवरच्या फोनला लागलं. किल्ली शेठच्या खिशात. गाडी आल्याची खबर मग माणूस पाठवूनच जायची.

पुढच्या एका रविवारी सकाळी बदल झाला. काकांनी मला तो नीट समजावून सांगितलाय. नव्या खोलीत प्रत्येक लाइनला एक छोटी पाचर लावून ठेवली होती, पाचरांना दोऱ्या बांधलेल्या. इशारा झाला, मंडळींनी दोऱ्या ओढल्या, पाचरा निघाल्या आणि ती खोली पत्र्यावर वाटाणे ओतावेत तशी वाजायला लागली. जुन्या खोलीत ताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी बोर्डातल्या सगळ्या वायरी उपटून ठेवल्या. कुणीतरी पेढे वाटले. ताईंना तक्रारींच्या टेबलावर बसवण्यात आलं. तिथेही लोकांनी यायचं ते नंबर फिरवूनच.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. भट्टीवर विटा उतरवताना रचलेली थप्पी कोसळली आणि माझ्या आजीवर पडली. तिचं नाव बुधी. माझे वडील तेव्हा अंगावर पीत होते, शेडच्या बाजूला झोळीत होते. ते आज इथे तिसऱ्या रांगेत बसलेत. आजीला दवाखान्यात नेताना वाटेतच ती गेली.

तिला लवकर नेलं असतं तर ती वाचली असती का? हे कुणी सांगू शकत नाही. मी रोज असेच फोन घेते, मीसुद्धा सांगू शकत नाही.

ताईंना हे दोन दिवसांनी बाजारात कळलं. सुतक फिटल्यावर त्या चालत आमच्या वाडीवर आल्या. वाडीनं त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. आजोबा घराच्या मागे निघून गेले. तिथल्या एका बाईनं ताईंना सांगितलं की त्या दिवशी जैतू आधी फोनाकडेच धावला होता. तुमच्याशीच बोलत होता तो, बराच वेळ बोलत होता. काय बोलला, ते तिनं ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून ताई दर वर्षी वाडीवर येतात. वह्या आणतात, औषधं आणतात. माझ्या वडिलांना त्यांनी शाळेत घातलं, ते सातवीत पळून आले. हसू नका, बाबा, तुम्हीच सांगितलंत. मग ताईंनी माझ्यावर मेहनत घेतली. पण इतक्या वर्षांत आजोबा एकदाही त्यांच्यासमोर आले नाहीत. ताई आल्या की ते मागच्या मागे रानात जातात. वाडीवर आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. आजोबांनी अजून एकही कानाला लावलेला नाही.

ताईंच्या घरी राहायला गेले त्या पहिल्या वर्षी त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आणि एक गोष्ट मागितली. मी त्यांच्याच शब्दांत सांगते. त्या म्हणाल्या, "त्यानं मला शिव्या दिल्या असतील तरी चालेल. पण तो काय बोलला, ते मला हवंय. तो फोन माझा होता. माझ्यापर्यंत आलाच नाही."

मी आजोबांना किती वेळा विचारलं असेल. सणाला घरी गेले की विचारायची. ते उठून जायचे. एकदा म्हणाले, तुला शिकवली ती यासाठी काय. मला वाटायचं, राग असेल. ताईंनाही तेच वाटायचं. आम्ही दोघीही चुकत होतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं की बाई हुबळीला चालल्या, कायमच्या, आणि त्यांचा दुसरा कानही आता जाणार आहे. आजोबा कुंपणाच्या काठ्या तासत होते. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, सांग तिला.

मी घाबरले. आज सकाळी ताईंकडे गेले आणि विचारलं, तुम्हाला एकटीला सांगू का? ताई म्हणाल्या, "नाही, हॉलमध्ये सांग. या पनवेलला डायल फिरवायला मी शिकवलंय. मी ऐकेन तेव्हा पनवेलनंही ऐकू दे." म्हणून मी इथे सांगते आहे. वरददादा, ताईंच्या जवळ बसता का जरा?

ताई, आजोबा शेडमध्ये धावले. फोन नवा होता, त्याला हँडल नव्हतं. त्यांनी तो उचलला. आतून घूं असा आवाज येत होता. आपल्याला माहीत आहे की तो आवाज म्हणजे, लाइन मोकळी आहे, आकडा फिरवा. आजोबांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आत तुम्ही आहात. तुम्ही नसाल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. तुम्ही ऐकताय, पण बोलत नाही, म्हणजे तुमचा घसा पार गेलाय, असं त्यांना वाटलं.

ते म्हणाले, "बाई, मी जैतू. भट्टीवरनं. बुधीवर थप्पी पडलीय. डागदर धाडा. बाई, हाय ना तुमी? आवाज गेलाय काय? बोलू नका मग. नुसतं आयका. बुधीवर थप्पी पडलीय, पायाकडनं दाबलीय, जित्ती हाय. गाढीकडच्या वाटेनं डागदर धाडा, तिकडनं लवकर येल." हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हळू सांगितलं, तुम्हाला नीट कळावं म्हणून. मग त्यांनी फोन ठेवला.

आणि ते वाट बघत बसले.

ताई, जे इतकी वर्षं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, ते हे. त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत. बाजूला गाडा होता, माणसं म्हणत होती, उचलू या, नेऊ या. आजोबांनी कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाले, बाईनं आयकलंय, डागदर येतोय, बुधीला हलवू नका. विटांचा ट्रक आला आणि ड्रायव्हरनं जबरदस्तीनं तिला वर घेतलं, तोपर्यंत ते तिचं डोकं मांडीवर घेऊन नदीकडच्या वाटेकडे बघत होते. तुमच्यावर त्यांचा इतका विश्वास होता. म्हणून ते तुमच्यासमोर येत नाहीत. मी त्यांना म्हटलं, आजोबा, तुमचा बाईंवर राग नाही? ते म्हणाले, "बाईवर कशाला? बाई तिथं नव्हतीच. मी बसून रायलो."

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही स्वतःला दोष देत होता, आणि डोंगराच्या पायथ्याला ते स्वतःला. मध्ये एक तार होती, तीही जोडलेली नव्हती.

लिमयेकाका, मी यंत्राला दोष देत नाही. त्या यंत्रामुळे पुढे हजारो लोकांना फोन मिळाले, आणि माझी आजची नोकरीही त्याच वाटेनं आली. दांडी तिला मिळतील तेवढ्या ठोक्यांइतक्याच पायऱ्या चढते. पण जिथे अंगठेबहाद्दर आहेत तिथे शिकवायला कशाला जायचं, हे यंत्रानं म्हटलं नव्हतं. कुलूपही यंत्रानं लावलं नव्हतं. आजही कुठेतरी काहीतरी नवं बसतं, पेढे वाटले जातात, आणि कुणीतरी असतोच ज्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्यापैकी जे शिकलेत, त्यांनी शेवटच्या शेडपर्यंत चालत जायचं असतं, एवढंच मला या गोष्टीतून समजलं. मी लहान आहे, मोठ्यांसमोर जास्त बोलत नाही.

केंद्रात माझ्याकडे कधी कधी असे फोन येतात, की पलीकडून कुणी बोलतच नाही. बहुतेक वेळा खिशात दाबला गेलेला फोन असतो. मी तरीही दोनदा म्हणते, मी आहे, ऐकतेय. माझे सहकारी चेष्टा करतात. करू देत.

ताई, अजून एक राहिलं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते आजीबद्दल आहे. आजोबा म्हणाले, बाईला हे पण सांग. बुधी शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तिनं एकदाच विचारलं, डागदर येतोय ना? आजोबा म्हणाले, बाईला सांगितलंय. त्यावर ती म्हणाली, "मग येल." आणि तिनं डोळे मिटले. ती घाबरली नाही. तिला कळलंच नाही, की कुणी येणार नाही.

ते बरं झालं की वाईट, हे आजोबांना ठरवता आलेलं नाही. मलाही नाही.

आजोबा आज आलेले नाहीत. मी खूप आग्रह केला. म्हणाले, तू सांग, मी गाढीपर्यंत येईन, पुढं नाय. आम्ही निघालो तेव्हा ते बाबांच्या मागे गाडीवर बसले आणि नदीकाठी, जिथे भट्टी होती तिथे उतरले. आता तिथे इमारती आहेत. ते तिथेच बसलेत. ताई, समारंभ संपल्यावर हुबळीच्या गाडीला वेळ आहे, मी वरददादांना विचारून घेतलंय. तुम्हाला जायचं असेल तर मी घेऊन जाते. ते उठून जाणार नाहीत, असं मी सांगू शकत नाही. पण या वेळी तुम्हाला तिथे आणायची परवानगी त्यांनी मला दिली आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महाराजांचे, अभ्यासिकेच्या मंडळाचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकणाऱ्या आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. सत्काराच्या दिवशी रडवू नये, हे मला कळतं; ते माझ्याकडून झालं. शब्दात कमी-जास्त गेलं असेल तर घरातल्या लेकीचं समजून पदरात घ्या.

ताई, तुमची चप्पल दाराशी काढून ठेवली आहे. हात धरा माझा, पायरी उंच आहे.